किती लांब, किती मोठं? नजरेचा अंदाज कसा बनतो आणि तो पक्का कसा करायचा

एक डोळा मिटा, हात सरळ लांब करा आणि अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीआड साधारण दोन अंशांचा कोन झाकला जातो. दीड मीटरवरची पाच सेंटिमीटरची डबी, ५० मीटरवरून समोर येणारी मोटार आणि एक किलोमीटरवरची ३५ मीटर रुंद इमारत, तिन्ही त्या अंगठ्यामागे जेमतेम मावतात. डोळ्याच्या आत, दृष्टिपटलावर, तिघांच्या प्रतिमेची रुंदी एकच असते.

सगळा विषय इथून सुरू होतो. दृष्टिपटलावर ना आकार उमटतो ना अंतर. उमटतो तो फक्त कोन. आकार आणि अंतर ही जोडी आहे. अंतर पक्कं झालं की आकार ठरतो, आकार ठाऊक असला की अंतर निघतं, आणि एकात चूक झाली की दुसऱ्यातही तितकीच होते. मेंदू ही जोडी दिवसभर आपल्याला न विचारता जुळवत असतो. तो कशाच्या आधारावर जुळवतो, कोणता आधार किती लांबपर्यंत पुरतो आणि कुठे दगा देतो, हे कळलं की नजरेचा अंदाज खरोखर सुधारतो. डोंगरात भटकणाऱ्यांना, स्केच काढणाऱ्यांना, फोटो काढणाऱ्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांनाही याचा रोज उपयोग आहे. खालचे प्रयोग नुसते वाचून सोडू नका, करून बघा.

## आधी आपला हात मोजून घ्या

कोन मोजायचं साधन हाताशीच आहे. हात पूर्ण लांब केला तर करंगळीची रुंदी सुमारे एक अंश, अंगठ्याची दोन, बंद मुठीची दहा. पण हाताची लांबी आणि बोटांची जाडी प्रत्येकाची वेगळी, म्हणून एकदा स्वतःचं माप घ्या. भिंतीवर १० सेंटिमीटर, २० सेंटिमीटर आणि १ मीटर रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि भिंतीपासून ५ मीटर ७० सेंटिमीटर लांब उभे राहा. तिथून त्या पट्ट्या अनुक्रमे एक, दोन आणि दहा अंशांच्या दिसतात. कोणती पट्टी कशाने झाकली जाते ते बघून लक्षात ठेवा.

आता सूत्र. एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या ५७ पट अंतरावर असली की ती एक अंशाची दिसते. म्हणजे आकार काढायचा तर अंतराला अंशांनी गुणायचं आणि ५७ ने भागायचं. १०० मीटरवरचं झाड मुठीएवढं, म्हणजे दहा अंश उंच दिसलं, तर त्याची उंची साधारण साडेसतरा मीटर. वीसेक अंशांपर्यंत हे गणित चांगलं चालतं.

पण त्यासाठी अंतर माहीत हवं. ते कुठून आणायचं, हाच खरा प्रश्न आहे.

## जमीन बघा, वस्तू नंतर

माझ्या मते सगळ्या खुणांमध्ये पहिला मान जमिनीचा. आपण लांबच्या झाडाकडे बघतो तेव्हा लक्ष झाडावर असतं, पण अंतर ठरवणारी माहिती झाडाच्या बुंध्यापाशी आणि तिथपासून आपल्या पायांपर्यंत पसरलेल्या जमिनीत असते. सुमारे हजार वर्षांपूर्वी अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी हे ओळखलं होतं: मधल्या वस्तूंची आणि जमिनीची सलग रांग दिसत असेल तरच अंतर नीट कळतं. विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी हाच मुद्दा नव्याने आणि जोरात मांडला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधल्या जमिनीत खड्डा असताना लोकांनी पलीकडचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त सांगितलं. सलगपणा तुटला की अंदाज बिघडतो.

सपाट जमिनीवर हे गणित सरळ आहे. क्षितिजाची रेषा बरोबर तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. समोरची वस्तू जिथे जमिनीला टेकते तो बिंदू क्षितिजाच्या जितका खाली, तितकी वस्तू जवळ. डोळ्यांची उंची दीड मीटर धरली तर क्षितिजाच्या दहा अंश खाली टेकलेली वस्तू साडेआठ मीटरवर असते, पाच अंश खालची १७ मीटरवर, दोन अंश खालची ४३ मीटरवर आणि एक अंश खालची ८६ मीटरवर. म्हणजे मूठ क्षितिजाखाली धरली आणि झाडाचा बुंधा मुठीच्या खालच्या कडेशी आला, तर झाड साडेआठ मीटरवर.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दहा अंशांपाशी अर्ध्या अंशाची चूक झाली तर अंतर अर्ध्या मीटरने चुकतं. तीच अर्ध्या अंशाची चूक दोन अंशांपाशी झाली तर उत्तर ३४ मीटरपासून ५७ मीटरपर्यंत कुठेही येऊ शकतं. लांबच्या गोष्टींबाबत आपला अंदाज इतका ढिला का असतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

क्षितिज दिसत नसेल, समोर डोंगर किंवा इमारती असतील, तर डोळ्यांची पातळी शोधावी लागते. डोंगराची कडा म्हणजे क्षितिज नव्हे. इथे बरेच जण फसतात. पारदर्शक बाटली अर्धी भरा, डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू वरखाली करा. पाण्याचा पृष्ठभाग वरून बघताना लंबगोल दिसतो, खालूनही तसाच दिसतो. मध्ये एका जागी तो लंबगोल मिटून नुसती रेघ उरते. त्या रेघेच्या सरळ पुढे समोरच्या दृश्यात जे दिसतं, ती तुमची डोळ्यांची पातळी.

ही पातळी आकारही सांगते, तेही अंतर न मोजता. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या कोणत्याही वस्तूला क्षितिजाची रेषा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर छेदते. खांबाच्या बरोबर मध्यातून ती रेषा जात असेल तर खांब तुमच्या डोळ्यांच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे तीन मीटर. खालच्या एक चतुर्थांशावर छेदत असेल तर सहा मीटर. खांब जवळ असो की लांब, फरक पडत नाही. मी स्केच काढायला बसतो तेव्हा कागदावर सगळ्यात आधी हीच रेषा ओढतो. ती चुकली की पुढे कितीही निगुतीने काम करा, माणसं बुटकी किंवा तरंगणारी दिसतात. बसल्यावर डोळ्यांची उंची बदलते, त्याबरोबर सगळे आकडेही बदलतात, हे विसरू नका.

सराव करायचा तर मोकळ्या, सुरक्षित मैदानावर दहा-पंधरा मीटरवर एखादी खूण ठेवा. तिच्याकडे नीट बघा, डोळे मिटा आणि न थांबता चालत जाऊन खुणेपाशी थांबा. शेजारी कुणी लक्ष ठेवायला असू द्या. अशा प्रयोगांत लोक साधारण वीस मीटरपर्यंत बऱ्यापैकी अचूक पोहोचतात, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. तोंडाने आकडा सांगताना चुकणारी माणसंही पायांनी बरोबर जागी थांबतात. म्हणून ‘किती मीटर?’ असं विचारण्याआधी ‘किती पावलं?’ असं विचारून बघा.

## दोन डोळे कुठपर्यंत कामाचे

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ साली आपल्या स्टिरिओस्कोपने हे दाखवून दिलं: प्रत्येक डोळ्याला वेगळं सपाट रेखाचित्र दाखवलं आणि बघणाऱ्याला भरीव वस्तू दिसली. पुढे १९६० च्या सुमारास बेला युलेश यांनी नुसत्या ठिपक्यांची अशी जोडचित्रं बनवली, ज्यांत एका डोळ्याने पाहिल्यास कोणताही आकार नसतो. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की एक चौकोन पुढे आलेला दिसतो. ओळखीची वस्तू, सावली, रेषा यांपैकी काहीही नसताना केवळ दोन चित्रांतला फरक खोली दाखवायला पुरतो, हे त्यातून सिद्ध झालं.

या शक्तीची मर्यादा मात्र कडक आहे. अंतर दुप्पट झालं की खोलीतला ओळखू येणारा लहानात लहान फरक चौपट होतो. चांगल्या नजरेला एक मीटरवर दीडेक मिलिमीटरचा फरक कळत असेल, तर दहा मीटरवर तोच १५ सेंटिमीटरचा होतो आणि १०० मीटरवर १५ मीटरचा. हाताच्या टप्प्यात दोन डोळ्यांना तोड नाही. दोन पेन्सिली आडव्या धरून त्यांची टोकं एकमेकांना भिडवा, आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एक डोळा मिटून. फरक लगेच कळेल. पण दरीपलीकडची टेकडी किती लांब आहे हे ठरवताना दुसरा डोळा जवळपास काहीच भर घालत नाही.

लहानपणी तिरळेपणा असलेल्या काही जणांमध्ये ही दोन डोळ्यांची खोली विकसितच होत नाही. तरीही ती माणसं जिने उतरतात, चेंडू झेलतात, चित्रं काढतात, कारण बाकीच्या खुणा त्यांच्याजवळ असतातच.

दोन डोळ्यांमधलं हे छोटं अंतर लांबच्या मापासाठी वापरायची एक जुनी युक्ती आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा. एक डोळा मिटून अंगठा लांबच्या वस्तूवर आणा. आता तो डोळा उघडून दुसरा मिटा. अंगठा बाजूला उडी मारेल. ही उडी त्या वस्तूपाशी किती मीटरची झाली याचा अंदाज घ्या आणि त्याला दहाने गुणा, कारण डोळ्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट असतं. उडी दोन मोटारींच्या लांबीएवढी, म्हणजे आठ-नऊ मीटरची दिसली, तर वस्तू ८० ते ९० मीटरवर. तुमचं गुणोत्तर दहाच आहे की अकरा, हे एकदा मोजपट्टीने तपासून ठेवा.

## डोकं हलवा, बाजूला सरका

जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलेलं निरीक्षण आजही कुणालाही करता येतं. दाट झाडीत एक डोळा मिटून स्थिर उभं राहिलं तर फांद्या-पानांचा एकच गुंता दिसतो. पाऊल टाकलं की तो गुंता क्षणात सुटतो, प्रत्येक फांदी आपापल्या जागी जाते. जवळची वस्तू नजरेसमोरून झरझर सरकते, लांबची सावकाश.

एका वस्तूवर नजर रोखून डोकं उजवीकडे न्या. तिच्या अलीकडचं सगळं डावीकडे सरकेल, पलीकडचं तुमच्यासोबत उजवीकडे. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, याचा निकाल इतक्या सहज दुसऱ्या कशाने लागत नाही. लांबच्या दृश्यात डोक्याची हालचाल पुरत नाही, तेव्हा सरळ पाच-दहा पावलं बाजूला जा. एकमेकींना चिकटलेल्या वाटणाऱ्या दोन टेकड्यांमध्ये दरी आहे की नाही, ते अशानेच कळतं.

## सपाट चित्रातही टिकणाऱ्या खुणा

काही खुणांना दुसरा डोळाही लागत नाही आणि हालचालही. एक वस्तू दुसरीला झाकत असेल तर झाकणारी पुढे. ही खूण कितीही लांब चालते, पण फक्त क्रम सांगते, अंतर नाही. दगड, गवत, फरशा लांब जाताना बारीक आणि दाट होत जातात. ओळखीच्या वस्तूचा, विशेषतः माणसाचा, आकार आपल्याला पाठ असतो, म्हणून दृश्यात कुठेही माणूस दिसला की सगळ्याचं माप लागतं.

धूसरपणावर जरा थांबायला हवं. हवेतले कण आणि रेणू प्रकाश विखुरतात, त्यामुळे लांबचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात. ‘फिकं म्हणजे लांब’ हे आपण इतकं मुरवून घेतो की धुक्यात जवळचीही गोष्ट लांब वाटते, आणि लांब वाटते म्हणून मोठीही वाटते. उलट, पावसानंतरच्या स्वच्छ हवेत डोंगर जवळ आल्यासारखे भासतात आणि चढाईचा अंदाज चुकतो. हवाच नसेल तर काय होतं याचं उदाहरण चंद्रावर सापडतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ मोहिमेतले ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल ‘कोन’ (इंग्रजी Cone, म्हणजे शंकू) नावाच्या विवराच्या कडेपर्यंत जायला निघाले होते. धूसरपणा नाही, झाड नाही, घर नाही, आणि चढउतारांमुळे जमीनही सलग दिसत नव्हती. कडा सापडेना म्हणून ते परतले. नंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने घेतलेल्या छायाचित्रांवरून कळलं की कडा फक्त तीसेक मीटरवर होती.

सावलीबाबत मेंदू धरून चालतो की प्रकाश वरून येतो. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा करून बघा, खड्ड्यांचे उंचवटे होतील.

## नजर कुठे फसते

१९४१ साली आल्फ्रेड हॉलवे आणि एडविन बोरिंग यांनी एका लांब कॉरिडॉरमध्ये सुमारे ३ ते ३६ मीटर अंतरांवर प्रकाशाच्या चकत्या ठेवल्या. प्रत्येक चकती अशी निवडली होती की तिचा कोन एकच अंश भरेल. दोन्ही डोळे उघडे असताना लोकांनी चकत्यांचे खरे आकार जवळपास बरोबर सांगितले. मग एक डोळा बंद केला, बारीक छिद्रातून बघायला लावलं, पडदे लावून भिंतींवरचे उजेडाचे पट्टे झाकले. खुणा जशा कमी होत गेल्या, तसे सगळ्या चकत्यांचे आकार सारखे वाटू लागले. नजर फसते तेव्हा सहसा हेच झालेलं असतं: अंतराचा आधार निघून जातो आणि नुसता कोन उरतो.

घरी याची उलट बाजू बघता येते. भडक लाल कागदाच्या चौकोनाकडे चांगल्या उजेडात अर्धा मिनिट एकटक बघा, मग नजर तळहाताकडे वळवा. हिरवट-निळा चौकोन तळहातावर तरंगताना दिसेल, छोटासा. तीच नजर आता तीन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर न्या. तोच चौकोन एकदम फुगतो, कडा पसरतात. दृष्टिपटलावरचा ठसा तसूभरही बदललेला नाही. बदललं ते अंतर. एमिल एमेर्ट यांनी हा नियम १८८१ साली मांडला.

उगवता चंद्र मोठा दिसतो ते याच कुळातलं मानलं जातं, पण त्याच्या नेमक्या कारणावर अजून एकमत नाही. माप मात्र पक्कं आहे: चंद्र क्षितिजावर असो की डोक्यावर, त्याचा कोन सुमारे अर्धा अंशच असतो. उलट क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका जास्त लांब असल्याने दीडेक टक्का लहानच भरतो. लांब केलेल्या हाताची करंगळी त्याच्यापुढे धरा, अर्धी करंगळी त्याला झाकायला पुरते.

चढ नेहमी आहे त्यापेक्षा खडा वाटतो. डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांच्या १९९५ च्या अभ्यासात पाच अंशांचा चढ लोकांनी वीसेक अंशांचा सांगितला. चढाचा आकडा हवा असेल तर मोबाईलमधलं लेव्हल वापरा, नजरेवर विसंबू नका. गाडीच्या बाहेरचे फुगीर आरसे कोन लहान करतात, म्हणून मागची गाडी लांब वाटते. लेन बदलण्याआधी आतल्या सपाट आरशातही बघा. पाण्याखाली मास्क लावून बघताना वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. सलग पाणी, बर्फ, वाळू यांच्यापलीकडचं अंतर ठरवताना नजर रेंगाळेल अशी एकही खूण मध्ये नसते, तिथे अंगठ्याची उडीच बरी.

## फोटोत डोंगर खुजा का होतो

समोर छाती दडपून टाकणारा कडा मोबाईलच्या फोटोत टेकाडासारखा दिसतो, याचं कारण बहुतांशी बघण्याच्या अंतरात आहे. प्रत्येक फोटोला एक योग्य अंतर असतं, जिथून त्यातले कोन प्रत्यक्षातल्या कोनांशी जुळतात. लेन्सची फोकल लेंग्थ (लांबच्या दृश्यावर फोकस असताना लेन्स आणि आतली प्रतिमा यांमधलं अंतर) गुणिले फोटो किती पट मोठा केला, इतकं ते अंतर. कॅमेऱ्यात प्रतिमा उमटते त्या ३६ मिलिमीटर रुंद फ्रेमवर ५० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला फोटो ३६ सेंटिमीटर रुंद छापला, तर तो ५० सेंटिमीटरवरून बघायचा.

मोबाईलचा मुख्य कॅमेरा या हिशोबात साधारण २४ मिलिमीटरच्या लेन्ससारखा असतो. १४ सेंटिमीटर रुंदीच्या स्क्रीनवर त्याचं योग्य अंतर येतं नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. इतक्या जवळून कुणी बघत नाही. बहुतेकांना तिथे फोकसही होत नाही. आपण तो हातभर अंतरावरून बघतो, सगळे कोन एक चतुर्थांशाच्या आसपास येतात आणि कडा खुजा होतो. तोच फोटो ६० सेंटिमीटर रुंद स्क्रीनवर ४० सेंटिमीटरवरून बघा. मग एक डोळा मिटा आणि कागदाची नळी करून तिच्यातून बघा, म्हणजे स्क्रीनची चौकट दिसणार नाही. दोन्ही डोळे उघडे असताना ते मेंदूला सतत सांगत असतात की हा सपाट पृष्ठभाग आहे. एक डोळा मिटला की तो पुरावा नाहीसा होतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन वास्तुविशारद फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांनीही असंच केलं होतं: त्यांनी फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचं आपलं चित्र लोकांना एका छिद्रातून, आरशात, एकाच डोळ्याने बघायला लावलं होतं.

फोटो काढतानाच भव्यता आणायची असेल तर तीन गोष्टी करा. दृश्यात माणूस ठेवा, पण कॅमेऱ्याजवळ नाही, कड्याच्या पायथ्याशी. पायथ्यापर्यंतची जमीन फ्रेममध्ये सलग येऊ द्या. आणि शक्य असेल तर मागे जाऊन लांब फोकल लेंग्थ वापरा. फोटोतला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या आकारांचं नातं, कॅमेरा कुठे उभा आहे यावर ठरतो. मागे गेल्यावर माणूस आणि कडा यांच्या आकारांचं नातं खऱ्याच्या जवळ येतं.

छोट्या मॉडेलचा फोटो खऱ्यासारखा दिसायला हवा असेल तर उलटीकडून विचार करा. अगदी जवळच्या वस्तूवर फोकस केला की तिच्या पुढचं-मागचं पटकन धूसर होतं, आणि ती धूसरता मेंदूला ‘हे लहान आहे, जवळ आहे’ असं सांगते. म्हणूनच खऱ्या शहराच्या फोटोत वर-खाली कृत्रिम धूसर पट्टे टाकले की ते खेळण्यातलं वाटतं. मॉडेलसाठी लेन्सचं छिद्र लहानात लहान ठेवा, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येईल, आणि कॅमेरा मॉडेलमधल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. १:५० प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ती उंची जमिनीपासून फक्त तीन सेंटिमीटर असते, त्यामुळे कॅमेरा बहुधा टेबलाच्या कडेला टेकवूनच ठेवावा लागतो.